मुद्रा कोणाची?

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतून पोलादी गजांचे भारे लादलेल्या मालमोटारी रात्रंदिवस बाहेर पडत असतात. गजावर तो करणाऱ्या कारखान्याची खूण उठविलेली असते; दुसऱ्याची खूण आपल्या मालावर उठविणे ही लबाडी होय, हे तेथे कोणासही समजावून सांगावे लागत नाही. पुष्कळदा अशाच एखाद्या मोटारीच्या पाठीवर शिवछत्रपतींची अष्टकोनी राजमुद्रा चिकटविलेली आढळते. तिच्याविषयी मात्र 'ही कोणाची?' असा प्रश्न कोणाच्या मनात येत नाही.

स्कॉटलंडात हाच प्रश्न प्रथम विचारतात. १६७२ च्या कायद्याने तेथे ढालचिन्हांची नोंदवही सुरू झाली, व ती लॉर्ड लायन या अधिकाऱ्याच्या स्वाधीन आहे. त्याची कचेरी हे खरेखुरे न्यायालय असून, नोंदीवाचून चिन्ह मिरविणाऱ्यावर तेथे खटला भरता येतो. आपण या चिन्हास कुलचिन्ह म्हणतो, पण ते कुळाचे नव्हेच. ते एका व्यक्तीचे. धाकट्या मुलास ढालीभोवती किनार घालण्यासारखा काही भेद करून ते नव्याने नोंदवावे लागते. सामान्य ज्ञातिबांधवाने नायकाचे शिरोभूषणचिन्ह धारण करावयाचे ते पट्टा व बकल यांच्या वेढ्यातच. 'मी याचा अनुयायी' एवढाच त्याचा अर्थ.

आमच्या मुद्रेलाही अशीच शिस्त होती. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या मुद्रेत आधी छत्रपती राजाराम, मागून माधवराव; सत्ता पुण्यास गेली तरी हा क्रम ढळला नाही. पत्राच्या माथ्यावर मुद्रा आणि अखेरीस मोर्तब. तो उमटला की मजकुराची सीमा ठरली, पुढे ओळ घुसडण्यास वाव नाही. मला तर ही योजना लायनच्या नोंदवहीहून अधिक चतुर वाटते.

१८७७ च्या दिल्ली दरबारासाठी रॉबर्ट टेलर याने संस्थानिकांची निशाणे रचली व १९०२ साली ती कलकत्त्यास ग्रंथरूपाने छापली. ग्रंथ देखणा आहे, रचनाकाराचा अभ्यासही दिसतो. पण शिंद्यांचा नाग शिंद्यांच्याच घरचा. तो युरोपीय चौकटीत बसवून व्हिक्टोरिया राणीच्या नावाने त्यांसच बहाल करावयाचा, यात मान कोणाचा वाढला? पेशव्यांनी धन्याचे नाव आपल्या मुद्रेत स्वतः कोरविले होते. येथे धनीच चिन्ह वाटीत होता. टेलरला हा भेद उमगलेला दिसत नाही.

मोटारवाल्याच्या भक्तीविषयी माझी तक्रार नाही. परंतु शिवमुद्रा ही आज्ञेची खूण होती, अनुयायाची नव्हे. अनुयायासाठी पट्ट्याच्या वेढ्यासारखे काही चिन्ह आपल्या चित्रकारांनी अजून काढलेले माझ्या तरी पाहण्यात नाही.