खाजगी क्षमा आणि सार्वजनिक न्याय : 'लेमोनेड' या दृश्य-अल्बमची चिकित्सा

प्रस्तावना

लोकप्रिय संगीत हा विषय साहित्यसमीक्षेने बहुधा समाजशास्त्राकडे किंवा वृत्तपत्रीय रसग्रहणाकडे सोपविलेला आहे. गीत, कविता, नृत्य आणि चित्रपट यांचे मिश्रण असलेली कलाकृती समोर आली म्हणजे ती कोणत्या निकषांवर वाचावी, हा प्रश्न मात्र समीक्षेला टाळता येत नाही. अमेरिकन गायिका बियॉन्से यांचा 'लेमोनेड' हा अल्बम २३ एप्रिल २०१६ रोजी प्रसिद्ध झाला आणि त्याच दिवशी एचबीओ या वाहिनीवर त्याच नावाचा सुमारे ६५ मिनिटांचा चित्रपट दाखविण्यात आला. पतीच्या विश्वासघाताने दुखावलेली एक कृष्णवर्णीय स्त्री संशयापासून क्षमेपर्यंत येते, असे त्याचे कथासूत्र आहे. प्रसिद्धीनंतरच्या चर्चेचा मोठा भाग गायिकेच्या वैवाहिक आयुष्याभोवतीच घोटाळत राहिला. कलाकृतीच्या रचनेचा प्रश्न त्यामुळे काहीसा मागे पडला.

प्रस्तुत लेखात या रचनेचा विचार केला आहे. एका स्त्रीच्या खाजगी दुःखाला समूहाच्या इतिहासाशी जोडण्याचे सामर्थ्य 'लेमोनेड'ला गाण्यांइतकेच गाण्यांमधल्या जागांमुळे लाभले आहे. परंतु खाजगी दुःखाच्या निवारणाचा जो मार्ग हा चित्रपट आखतो, त्याच मार्गावर तो सार्वजनिक अन्यायालाही उभे करतो आणि तेथे त्याची रचना अपुरी पडते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

दृश्य-अल्बम : स्वरूप

गायकाच्या गाण्यांवर चित्रपट उभा करण्याची कल्पना नवी नाही. पिंक फ्लॉइड या वाद्यवृंदाच्या १९७९ मधील 'द वॉल' या अल्बमवर १९८२ मध्ये चित्रपट निघाला. प्रिन्स यांचा 'पर्पल रेन' हा चित्रपट आणि त्याच नावाचा अल्बम १९८४ मध्ये आला. स्वतः बियॉन्से यांनी डिसेंबर २०१३ मध्ये आपल्याच नावाचा अल्बम कोणतीही पूर्वसूचना न देता चित्रफितींसह प्रसिद्ध केला होता. त्या अल्बममधील चित्रफिती मात्र एकेका गाण्यापुरत्या स्वतंत्र होत्या आणि त्यांना जोडणारे सलग निवेदन नव्हते.

'लेमोनेड'चे वेगळेपण या निवेदनात आहे. चित्रपटाची अकरा प्रकरणे असून त्यांना अंतर्ज्ञान, नकार, क्रोध, उदासीनता, रितेपण, उत्तरदायित्व, पुनर्घडण, क्षमा, पुनरुत्थान, आशा आणि उद्धार अशा अर्थाची शीर्षके दिलेली आहेत. मानसिक आघातातून सावरण्याचा हा क्रम आहे. अल्बममधील 'फॉर्मेशन' हे बारावे आणि अखेरचे गाणे या अकरा प्रकरणांच्या बाहेर राहते. अल्बमची एकूण लांबी सुमारे ४६ मिनिटे आहे. चित्रपटात जो जादा वेळ आहे, तो कविता, शांतता आणि चेहरे यांनी व्यापलेला आहे. समीक्षेच्या दृष्टीने हीच जागा सर्वांत महत्त्वाची ठरते.

गाण्यांमधील जागा

चित्रपटातील कविता वॉर्सन शायर यांच्या आहेत. सोमाली मातापित्यांच्या पोटी केनियात जन्मलेल्या आणि लंडनमध्ये वाढलेल्या या कवयित्रीच्या लेखनात स्थलांतर, स्त्रीदेह आणि माता-कन्यांमधील न बोललेली वेदना ही सूत्रे वारंवार येतात. त्यांच्या रचनांना येथे चित्रपटाच्या गरजेनुसार नवे रूप देण्यात आले असून त्या बियॉन्से यांच्याच आवाजात ऐकू येतात. गाण्यातील नायिका रागावते, टोमणे मारते, प्रतिस्पर्धी स्त्रीला हिणवते. कवितेतील निवेदिका मात्र आईला प्रश्न विचारते आणि आपल्या पतीत आपल्या पित्याची सावली पाहते. गाण्यांत पतिपत्नींचा कलह आहे. कवितांमुळे त्याच कलहाला वंशपरंपरा मिळते. आईने जे सोसले तेच मुलीच्या वाट्याला का यावे, हा प्रश्न केवळ गाणी ऐकणाऱ्या श्रोत्यापर्यंत इतक्या ठळकपणे पोहोचत नाही.

चेहऱ्यांची योजनाही अशीच अर्थपूर्ण आहे. टेनिसपटू सेरेना विल्यम्स आणि न्यू ऑर्लिअन्समधील ख्यातनाम पाककुशल उपाहारगृह-चालिका लिआ चेस (१९२३-२०१९) या पडद्यावर येतात. सिएरा लिओनमधील यादवी युद्धात अनाथ झालेल्या नर्तिका मिकेला डीप्रिन्स (निधन २०२४) याही येतात. त्यांच्यासोबत अनेक अनाम स्त्रिया कॅमेऱ्याकडे थेट पाहत स्थिर बसलेल्या दिसतात. या स्त्रिया कथेतील पात्रे नाहीत. नायिकेच्या दुःखाच्या त्या साक्षीदार आहेत आणि त्यांच्या उपस्थितीमुळे 'मी' या सर्वनामाचे हळूहळू 'आम्ही' होते.

या दृश्यशैलीवर ज्युली डॅश यांच्या 'डॉटर्स ऑफ द डस्ट' (१९९१) या चित्रपटाचा प्रभाव स्पष्ट आहे. आफ्रिकन-अमेरिकन स्त्रीने दिग्दर्शित केलेला आणि अमेरिकेतील चित्रपटगृहांत सर्वसाधारण वितरण लाभलेला हा पहिला कथापट होय. अटलांटिक किनाऱ्याजवळील बेटांवर राहणाऱ्या गल्ला समाजातील स्त्रियांच्या तीन पिढ्या त्यात येतात. शुभ्र वस्त्रांतील स्त्रिया, समुद्रकाठ आणि झाडाखालचा मेळा या प्रतिमा 'लेमोनेड'मध्ये पुन्हा भेटतात. 'पुनर्घडण' या प्रकरणात स्त्रियांची रांग एकमेकींमागून पाण्यात उतरते. १८०३ मध्ये जॉर्जियाच्या किनाऱ्यावर इग्बो बंदिवानांनी गुलामगिरी पत्करण्याऐवजी पाण्यात पाऊल टाकल्याची जी स्मृती आफ्रिकन-अमेरिकन परंपरेने जपली आहे, तिच्याशी अभ्यासकांनी या दृश्याचा संबंध जोडलेला आहे. वैवाहिक दुराव्याचे गाणे चालू असताना हे दृश्य दिसते. शब्द एका घराविषयी बोलतात आणि चित्र एका जमातीविषयी. या द्विस्तरीय रचनेत 'लेमोनेड'चे कलात्मक यश साठलेले आहे.

ऊस, साखर आणि सरबत

चित्रपटाचे शीर्षक एका आजीकडून आलेले आहे. बियॉन्से यांचे पती, रॅप गायक जे-झी, यांच्या आजी हॅटी व्हाइट यांच्या नव्वदाव्या वाढदिवसाच्या समारंभातील भाषणाचा अंश यात ऐकविला आहे. आयुष्याने आपल्याला लिंबेच दिली, पण आपण त्यांचे सरबत केले, असा त्यांच्या बोलण्याचा आशय आहे. उत्तरार्धात कवितेच्या रूपाने सरबताची कृतीही येते. आंबटाचे गोड करण्याची ही विद्या आजीकडून नातीकडे जाते, असे चित्रपट सुचवितो.

ही कृती ज्या भूमीवर सांगितली जाते, तिचा इतिहास येथे लक्षात घ्यावा लागतो. चित्रीकरणाचा मोठा भाग लुइझियाना राज्यातील जुन्या मळ्यांवर झाला. त्यांपैकी मेडवुड आणि डेस्ट्रेहान हे दोन्ही मळे उसाचे होते आणि तेथील साखर गुलामांच्या श्रमांतून निघत असे. जानेवारी १८११ मध्ये या परिसरात गुलामांचा मोठा उठाव झाला आणि पकडल्या गेलेल्यांवरील खटल्यांपैकी काही डेस्ट्रेहान येथे चालविण्यात आले. धन्यांच्या वाड्यांत आणि ओसऱ्यांवर कृष्णवर्णीय स्त्रियांना स्वामिनींसारखे बसविणे, ही चित्रपटाची मोठी प्रतीकात्मक कृती आहे.

मात्र सरबताला केवळ लिंबू पुरत नाही, साखरही लागते. ज्या भूमीवर साखर हेच दास्याचे कारण होते, तेथे गोडवा हे निरागस प्रतीक राहत नाही. चित्रपट हा विरोधाभास आपल्या दृश्यांत बाळगून आहे, परंतु निवेदनात तो कोठेही उच्चारीत नाही. कडवटपणा गोड करण्याचे कष्ट पुन्हा पीडित स्त्रीनेच उपसायचे आणि त्यालाच तिचे सामर्थ्य म्हणायचे, हा भाव मग अबाधित राहतो. आजीचे कौतुक करताना तिला लिंबे कोणी दिली, हा प्रश्न बाजूला पडतो.

क्षमेनंतर येणाऱ्या माता

ही अडचण नवव्या प्रकरणात सर्वाधिक तीव्र होते. 'पुनरुत्थान' या शीर्षकाखाली सिब्रिना फुल्टन, लेझ्ली मॅक्स्पॅडन आणि ग्वेन कार या तीन माता आपल्या मृत पुत्रांची छायाचित्रे हातांत धरून बसलेल्या दिसतात. ट्रेव्हॉन मार्टिन २०१२ मध्ये फ्लोरिडात वस्तीवर पहारा करणाऱ्या एका स्वयंसेवकाच्या गोळीने मारला गेला आणि २०१३ मध्ये त्या स्वयंसेवकाची निर्दोष मुक्तता झाली. मायकेल ब्राउन (फर्ग्युसन) आणि एरिक गार्नर (न्यूयॉर्क) यांचे मृत्यू २०१४ मध्ये पोलिसांच्या हातून झाले आणि दोन्ही प्रकरणी संबंधित अधिकाऱ्यांवर आरोप ठेवण्यास ज्युरीने नकार दिला. तिन्ही प्रकरणी हत्येबद्दल कोणीही दोषी ठरले नाही.

या प्रसंगी माता बोलत नाहीत. त्यांचे दुःख शब्दांत न बांधण्याचा संयम येथे निःसंशय प्रभावी आहे. मॅक्स्पॅडन यांच्या गालावरून ओघळणारा अश्रू अन्य कोणत्याही दृश्यापेक्षा अधिक काळ स्मरणात राहतो. तरीही प्रश्न उरतो तो या दृश्याच्या स्थानाचा. त्याआधीचे प्रकरण 'क्षमा' आहे आणि त्यात जे-झी स्वतः पडद्यावर येऊन पत्नीजवळ नम्र होतात. त्यानंतर 'आशा' आणि 'उद्धार' ही प्रकरणे येतात आणि अखेरीस विवाहसोहळ्याची, लेकीची, सुखी युगुलांची दृश्ये दिसतात. मातांचा शोक अशा रीतीने क्षमा आणि उद्धार यांच्यामध्ये ठेवलेला आहे. त्यांच्यासाठी योजलेले 'फॉरवर्ड' हे गाणे अल्बममधील सर्वांत छोटे असून ते दीड मिनिटाचेही नाही.

पतीने अपराध केला, तो समोर आला, त्याने मान झुकविली आणि पत्नीने त्याला स्वीकारले. या क्रमाला तर्क आहे. मातांच्या बाबतीत यातील एकही पायरी घडलेली नाही. क्षमा मागणारा कोणी नाही, अपराधाची कबुली नाही आणि परत मिळण्याजोगेही काही नाही. 'उत्तरदायित्व' हे प्रकरण चित्रपटात आहे, परंतु तेथे पित्याला आणि त्याच्या आडून पतीला जाब विचारला जातो. राज्यसंस्थेसाठी तसे प्रकरण नाही. 'क्रोध' या प्रकरणात माल्कम एक्स यांच्या १९६२ मधील भाषणाचा ध्वनी येतो आणि अमेरिकेत कृष्णवर्णीय स्त्रीची सर्वाधिक उपेक्षा होते, हे त्यांचे मत ऐकू येते. राजकीय आरोप तेथे स्पष्ट आहे. तथापि त्या क्रोधाचे पुढे शमन होते ते घरात. सार्वजनिक क्रोधाला खाजगी समेटात विश्रांती देणे हा या रचनेचा मूळ दोष होय.

प्रतिकाराचे बाजारमूल्य

स्त्रीवादी विचारवंत बेल हुक्स यांनी मे २०१६ मध्येच 'लेमोनेड'वर कठोर टीका केली. कृष्णवर्णीय स्त्रियांच्या विविध देहांना दिलेले स्थान त्यांनी मान्य केले, परंतु ही मूलतः विक्रीसाठी घडविलेली वस्तू असून तिच्यात वेदनेचे सौंदर्यीकरण आहे आणि पुरुषसत्ता अभंगच राहते, असे त्यांचे म्हणणे होते. पिवळ्या वस्त्रातील नायिका हसत हसत मोटारींच्या काचा फोडते, या दृश्यातील हिंसेचे आकर्षणही त्यांना आक्षेपार्ह वाटले. याच दृश्यात अन्य अभ्यासकांना योरुबा परंपरेतील नदीदेवता ओशुन दिसली.

हुक्स यांच्या आक्षेपाला आर्थिक वस्तुस्थितीचा आधार आहे. एप्रिल २०१९ पर्यंत संपूर्ण अल्बम स्ट्रीमिंगद्वारे ऐकण्यासाठी जे-झी यांची मालकी असलेल्या टायडल या सेवेकडेच जावे लागत होते. पतीच्या अपराधाची कथा पतीच्याच दुकानातून विकली गेली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये सुपर बोल या क्रीडासोहळ्यात बियॉन्से यांनी 'फॉर्मेशन' सादर केले, तेव्हा नर्तिकांच्या काळ्या टोप्या आणि पोशाख ब्लॅक पँथर संघटनेची आठवण करून देणारे होते. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या त्या संघटनेवरूनच १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरने आपले नाव घेतले, हे मराठी वाचकाला सांगण्याची गरज नाही. चळवळीचे चिन्ह चळवळीच्या मागणीपासून वेगळे होऊन पोशाख म्हणून उरते, ही प्रक्रिया म्हणून त्याला अपरिचित नसावी.

तरीही केवळ विक्रेय आहे म्हणून कलाकृती निकालात काढणे योग्य ठरत नाही. बाजारपेठेच्या त्याच मार्गाने शायर यांची कविता अगणित श्रोत्यांपर्यंत गेली आणि डॅश यांच्या चित्रपटाकडे नव्या पिढीचे लक्ष वेधले गेले. 'लेमोनेड'ची मर्यादा तिच्या किमतीपेक्षा तिच्या शेवटात अधिक शोधावी लागते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष हाती येतात.

१) 'लेमोनेड'मध्ये गीतांना कविता, शांतता आणि साक्षीदार चेहरे यांची जोड मिळाल्याने व्यक्तिगत वेदनेला ऐतिहासिक परिमाण लाभते. दृश्य-अल्बम या प्रकाराची स्वतंत्र साहित्यिक शक्यता येथे सिद्ध होते.

२) सरबताचे रूपक सहनशीलतेचा गौरव करते, परंतु कडवटपणाच्या कर्त्याला प्रश्न विचारीत नाही.

३) क्षमेची परिभाषा दांपत्यजीवनाला पुरेशी ठरते. ज्यांना न्याय मिळालेला नाही अशा मातांना त्याच परिभाषेत सामावून घेतल्याने त्यांची मागणी शोकापुरती मर्यादित होते.

महाविद्यालयीन स्तरावर टोनी मॉरिसन किंवा अ‍ॅलिस वॉकर यांच्या कादंबऱ्यांसोबत ही कलाकृती अभ्यासावयाची झाल्यास वरील तिसरा मुद्दा विशेष उपयुक्त ठरेल. दुःख सुंदर रीतीने मांडले गेले म्हणजे त्याचे निवारण झाले, असा समज सुंदर कलाकृतीच अधिक सहजतेने निर्माण करतात. 'लेमोनेड'च्या अखेरीस घर पुन्हा उभे राहते. त्या तीन मातांच्या हातांतील छायाचित्रे मात्र खाली ठेवण्याजोगी परिस्थिती चित्रपटात निर्माण होत नाही आणि चित्रपटाबाहेरही ती निर्माण झालेली नाही.