पद्मिनी आणि मारुती

जुने ते सोने एवढे म्हटल्याने टीकाकाराची सुटका होत नाही. कुर्ल्याच्या कारखान्यातली जुनी प्रीमियर पद्मिनी आणि १९८३ साली आलेली मारुती ८०० शेजारी उभ्या करून पाहाव्यात. पद्मिनीचा गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबाला. म्हणून पुढची बैठक बाकासारखी सलग, चालकाशेजारी दोघे दाटीवाटीने मावत. मारुतीने दांडा खाली आणला, बैठका वेगळ्या केल्या. सुरक्षिततेच्या दृष्टीने हेच रास्त. शिवाय ७९६ सी.सी.ची ही हलकी गाडी नवशिक्यालाही सहज पेलली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली, तेव्हा मीही हळहळलो. तरी माझा कौल, यंत्र म्हणून मारुतीला. बिऱ्हाड म्हणून मात्र पद्मिनीलाच!