'तलवार' : जहाज कीं छावणी?

इ. स. १९४६ च्या नाविकांच्या उठावाविषयीं मराठींत जें लिहिलें जातें, त्यांत उठावाचा आरंभ 'तलवार' नांवाच्या युद्धनौकेवर झाला असें विधान वारंवार आढळतें. हें विधान आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं. 'तलवार' ही मुंबईस कुलाब्याच्या जमिनीवर वसलेली संदेशवहनाची शाळा होती. निकृष्ट अन्न व वरिष्ठांची अपमानास्पद भाषा यांमुळें तेथील नाविकांनीं १८ फेब्रुवारी १९४६ रोजीं अन्न नाकारलें व उठावास तोंड लागलें.

सरकारी कागदांत 'तलवार'च्या मागें जहाजाचीच उपाधि आहे, मग तिला जहाज कां म्हणूं नये, असा आक्षेप येईल. त्याचें उत्तर आरमारी दप्तराच्या रीतींत आहे. ब्रिटिश आरमारांत शिस्तीचा कायदा जहाजाच्या पटावरील माणसांस लागू होई. म्हणून किनाऱ्यावरील बराकींनाही जहाजाचें नांव देत. बराकीच्या दाराबाहेर पडणें यासही नाविक 'किनाऱ्यावर जाणें' म्हणत.

ही रीत कशी रुळली, याचें उत्तम उदाहरण मुंबईच्याच गोदींत बांधलेलें आहे. 'गँजेस' हें ८४ तोफांचें सागवानी जहाज १८२१ मध्यें येथें पाण्यांत उतरलें. १८६६ पासून तें इंग्लंडांत फाल्मथ येथें उमेदवार मुलांच्या निवासाचें व शिक्षणाचें जहाज झालें; १८९९ मध्यें तें हार्विचला नेण्यांत आलें. १९०५ मध्यें ही शाळा शॉटली येथें जमिनीवर गेली आणि पुढें 'गँजेस' हें नांवही किनाऱ्यास उतरलें. जुन्या सांगाड्यास १९०६ नंतर 'टेनेडॉस तिसरें', 'इंडस पांचवें' व 'इम्प्रेग्नेबल तिसरें' अशीं नांवें क्रमानें मिळालीं. १९३० मध्यें तो मोडण्यांत आला. किनाऱ्यावरील 'गँजेस' १९७६ पर्यंत चाललें. तेव्हां १९१२ च्या कागदांतील 'गँजेस' म्हणजे तें मूळ जहाज नव्हे, आणि तें जहाज शोधावयाचें तर 'इंडस' या नांवाखालीं.

हा केवळ शब्दांचा कीस नव्हे. 'तलवार'ला युद्धनौका मानलें कीं उठावाचें स्वरूपच झांकलें जातें. आरंभ करणारे तोफा चालविणारे खलाशी नसून बिनतारी संदेशांचें काम शिकणारे तरुण होते. बातमी बंदरांतील जहाजांवर व दूरच्या ठाण्यांवर त्वरेनें पोंचली, याचा उलगडा यांतून होतो. २१ फेब्रुवारीची चकमकही मुंबईच्या कॅसल बराकींत, जमिनीवरच झाली. त्याच बराकींस १९५१ मध्यें 'आंग्रे' हें नांव मिळालें. तेंही जहाजाच्याच उपाधीसह.

आमचें नागपूर समुद्रापासून दूर असलें, तरी येथील संग्राहकांच्या हातीं एखाद्या नाविकाचें सेवापत्र वा पत्रव्यवहार येणें अशक्य नाहीं. अशा कागदाची नोंद करतांना जहाजाच्या नांवाबरोबर वर्ष व ठिकाण अवश्य लिहावें. आणि तें पाण्यावर होतें याचें प्रमाण मिळेपर्यंत 'युद्धनौका' हा शब्द सूचींत घालूं नये. नांवावरून वस्तु ठरविणें ही संशोधनांतील जुनी खोड आहे; आरमारी कागदांत ती विशेष महाग पडते.