'लोक' म्हणजे कोण?

रुमानियाचे पारंपरिक लोकगीत मोठ्या वाद्यवृंदासह ऐकताना श्रोता भारावतो. व्हायोलिनांचा ताफा, संतूरसारखे त्सांबाल, 'नाय' ही बासऱ्यांची जुडी आणि पुढे भरतकामाच्या वेशात उभी गायिका. मीही भारावलो. पण लग्नात वाजवणारे पंगतीबाहेर बसलेले मी लहानपणी पाहिले आहेत. त्यामुळे माझे लक्ष गायिकेवरून वादकांकडे गेले. हे वाजवणारे कोण?

तिकडे त्यांना 'लाउतार' म्हणतात. पिढीजात वादक, बहुतांशी रोमा. त्यांची भाषा आपल्या मराठीच्याच कुळातली. पाण्याला ते 'पानी'च म्हणतात. वालाकिया आणि मोल्दाविया या संस्थानांत रोमा गुलाम होते. सरदारांच्या आणि मठांच्या मालकीचे. विकले जात, दान दिले जात. ही गुलामगिरी 1855-56 साली कायद्याने संपली. म्हणजे ज्या सुरांना राष्ट्राचा आत्मा म्हणून गौरवले जाते, ते सूर जपणाऱ्यांपैकी अनेकांचे पूर्वज कुणाची तरी मालमत्ता होते.

1949 साली बुखारेस्टमध्ये सरकारी लोकवाद्यवृंद उभा राहिला. त्याला नाव दिले बार्बू लाउतारू या एकोणिसाव्या शतकातील रोमा वादकाचे. वादकांना पगार मिळाला, मंच मिळाला. हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. फानिका लुका या लाउताराने शिष्य घडवले म्हणून 'नाय' तगले, हेही खरे. पण त्याच राजवटीने रोमांना स्वतंत्र अल्पसंख्य समाज म्हणून मान्यता दिली नाही. नाव हवे, समाज नको!

याची किंमत कलेलाही मोजावी लागली, असे माझे मत आहे. 'ताराफ' या लहान ताफ्यात मोजके वादक गायकाच्या श्वासाकडे कान लावून वाजवतात. मोठ्या वृंदात सारी व्हायोलिने ठरवून दिलेला सूर एकसाथ वाजवतात. 'दोइना' या मुक्त लयीच्या गीतप्रकाराला हे विशेष जाचते. तेथे दुःख थबकते, वळते, पुन्हा बोलू लागते. वृंदाची शिस्त त्याला थबकू देत नाही. मारिया तानासे (1913-1963) या गायिकेचे ध्वनिमुद्रण आजही जिवंत वाटते, कारण ती लाउतारांच्या वर चढून गात नाही, त्यांच्याशी बोलत गाते.

'लोकसंगीत' या गोड शब्दाखाली वाजवणाऱ्याचा इतिहास झाकला जात असेल, तर तो उघडा करणे हे समीक्षेचे पहिले काम आहे. सुरांना दाद देऊन वादकाला दाराबाहेर ठेवणारी रसिकता आम्हाला मान्य नाही.