कृष्णवर्णी वकिलांचा संघेतिहास : एक आक्षेप

अमेरिकेतील कृष्णवर्णी वकिलांच्या इतिहासाचा विचार जे. क्ले स्मिथ ह्यांच्या ‘इमॅन्सिपेशन’ (१९९३) ह्या बृहद्ग्रंथास वगळून करता येत नाही. १८४४ मध्ये मेन राज्यात मेकन बोलिंग ॲलन ह्यांस सनद मिळाली. तेथून पुढील शंभर वर्षांची सामग्री लेखकाने राज्याराज्यांतून वेचली आहे. हे परिश्रम वादातीत होत. आमची शंका आहे ती ह्या वकिलांच्या संघटनांची जी उत्पत्ती सामान्यतः सांगितली जाते तिच्याविषयी.

ती कथा अशी. १९१२ मध्ये अमेरिकन बार असोसिएशनच्या कार्यकारिणीने विल्यम लुइस ह्यांची निवड रद्द ठरविली. लुइस त्या वेळी देशाचे सहायक महान्यायवादी होते! त्यांचे वरिष्ठ विकरशॅम ह्यांनी निषेध केला. अखेर लुइस व अन्य दोघे कृष्णवर्णी सभासद राहिले, परंतु पुढील उमेदवारांचा वंश कळविला जावा असे ठरले. दार बंद झाले, म्हणून १९२५ मध्ये डे मॉइन येथे नॅशनल बार असोसिएशन जन्मास आली.

ही कारणमीमांसा खोटी नव्हे, अपुरी आहे. मिसिसिपीतील ग्रीनव्हिल येथे कृष्णवर्णी वकिलांनी १८९१ सालीच संघटना उभारली होती. तिच्या मुळाशी १९१२ चा अपमान कसा असणार? दुसरे असे की, कृष्णवर्णी पक्षकारच पुष्कळदा गोऱ्या वकिलाकडे जात. गोऱ्या न्यायाधीशापुढे आपल्या वकिलाचा निभाव लागणार नाही, ही धास्ती त्यांस असे. कार्टर वुडसन ह्यांच्या १९३४ च्या पाहणीत ह्या दुखण्याची चर्चा आहे. स्वसमाजाचा हा अविश्वास गोऱ्यांच्या संघाचे सभासदत्व मिळाल्याने थोडाच फिटणार होता? त्यासाठी परस्परांस ओळखणारी, एकमेकांकडे काम सोपविणारी मंडळीच हवी होती.

१९४३ च्या ठरावाने अमेरिकन बार असोसिएशनने वंशाची अट मागे घेतली. केवळ नकारातून जन्मलेली संस्था त्यानंतर क्रमाने विसर्जित व्हावयास हवी होती. नॅशनल बार असोसिएशन आजही कार्यरत आहे. इतिहासाचा आरंभ अपमानापासून केला की अपमान करणाराच कथेचा नायक होऊन बसतो. ग्रीनव्हिलचे वकील तळटीपेत जातात.

डे मॉइनच्या बारा संस्थापकांत गर्ट्रूड रश ही एकच स्त्री होती. ह्या संघटनेच्या आतील दारे कोणास किती उघडी होती, हा प्रश्न तर बहिष्काराच्या कथेत उपस्थितच होत नाही.