गांजा, वेड आणि दप्तरातली नोंद

गांजा कायदेशीर करावा का, हा वाद आपल्याकडे निघाला की एक जुना अहवाल हमखास बाहेर येतो. इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनचा, १८९४ सालचा. एक बाजू म्हणते, बघा, इंग्रजांनीच सांगून ठेवलंय की गांजाने काही बिघडत नाही. दुसरी म्हणते, साहेबाला कर हवा होता, तो दुसरं काय सांगणार? आमचं म्हणणं असं की दोन्ही बाजू निष्कर्षांवरच अडकल्यात. अहवालाचा खरा जीव वेड्यांच्या इस्पितळांवरच्या भागात आहे, आणि तिथवर कुणी जात नाही.

आधी पार्श्वभूमी, थोडक्यात. मद्यपानविरोधी चळवळीतले खासदार केन यांनी १८९३ साली ब्रिटिश पार्लमेंटात गांजाबद्दल प्रश्न विचारला. त्यातून सात जणांचं कमिशन नेमलं गेलं. चार इंग्रज, तीन भारतीय. चौकशी आधी बंगालपुरती होती, ती देशभर वाढवली. एकूण १,१९३ साक्षी झाल्या. निष्कर्ष असा, की बेताने घेतल्यास फारसा अपाय नाही, अतिरेक केल्यास आहे. सरसकट बंदी गरजेची नाही आणि शहाणपणाचीही नाही. बंदी घातली तर लोक याहून वाईट नशेकडे वळतील, ही भीतीही त्यात आहे.

आता इस्पितळांकडे येऊ. गांजाने माणूस वेडा होतो, हा तेव्हाचा सर्वमान्य समज. त्याला पुरावा काय, तर इस्पितळांची आकडेवारी. कमिशनने ती आकडेवारी जशीच्या तशी न घेता विचारलं, की रजिस्टरात 'कारण : गांजा' हे लिहितो कोण? उत्तर गमतीचं आहे, आणि भयंकरही. रोग्याला धरून आणणाऱ्या पोलिसाच्या कागदावर जे कारण असेल, तेच पुष्कळदा इस्पितळाच्या दप्तरात उतरत असे. वेड लागलेल्या बैराग्याला कारण शोधायचं, तर चिलीम हाताशीच होती!

मग कमिशनने १८९२ सालचं एकेक प्रकरण तपासलं, रोग्याच्या गावी चौकशी करवली. त्या वर्षी दाखल झालेले १,३४४. त्यांत गांजा-भांग-चरसाच्या खात्यावर टाकलेले २२२. तपासाअंती उरले ९८. निम्म्याहून जास्त नोंदी गळाल्या. पण ९८ उरलेच, हेही विसरू नका. 'निरुपद्रवी' म्हणणाऱ्यांच्या तोंडी हा ९८चा आकडा आम्ही अजून ऐकलेला नाही.

अहवालात दोष नाहीत असं नाही. बेताने म्हणजे किती, अतिरेक म्हणजे किती, याचं माप त्यात नाही. ज्या भेदावर सगळा निष्कर्ष उभा, तोच सैल. शिवाय अध्यक्ष मॅकवर्थ यंग हे पंजाबचे फायनान्शियल कमिशनर, ओमनी पंचमहालचे कलेक्टर. महसुलाच्या मुशीतली माणसं. म्हणून कराचा टोमणा अगदीच खोटा नाही. पण त्यांनी सुचवलं काय ते तरी बघा : लागवड मोजक्या ठिकाणी, परवाना घेऊन, दुकानं कमी, कर चढा. बंगालात राजशाहीकडच्या नौगावला सरकारी देखरेखीखाली गांजाची शेती तेव्हा चालूच होती. म्हणजे मोकळीक होती, पण कुंपणाच्या आतली. अलीकडे थायलंडने उलटं केलं. जून २०२२मध्ये गांजा अंमली पदार्थांच्या यादीतून काढला, नियमांचा कायदा मात्र झालाच नाही. दुकानं भराभर उघडली, आणि जून २०२५मध्ये सरकारला सांगावं लागलं की आता डॉक्टरची चिठ्ठी आणा.

आपल्याकडे १९८५चा एनडीपीएस कायदा आहे. त्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंडे सोबत नसतील तर पानं आणि बिया त्यात येत नाहीत. भांग या कायद्यातून सुटते ती इथेच. (महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा तिला परवान्याशिवाय सोडत नाही, ते वेगळं.) १ किलोपर्यंत अल्प मात्रा, शिक्षा १ वर्षापर्यंत. २० किलोंच्या वर गेलात की १० ते २० वर्षं, आणि जामीन महाकठीण.

मग तराजूवर काय ठेवलं, यावर माणसाचं आयुष्य ठरणार की नाही? तुरीत किंवा उसात मधेच गांजा लावल्याच्या बातम्या आपण वाचतो. पोलीस झाडं मुळासकट उपटतात आणि सगळं एकत्र तोलतात, देठ, पानं, मातीसुद्धा. पंचनाम्यात आकडा पडतो. पुढे जामिनाच्या अर्जात वकील विचारतो, यात शेंडे किती होते? वेगळे तोललेलेच नसतात. असे वाद आपल्या उच्च न्यायालयांपुढे आलेले आहेत. पण हे विचारायला वकील लागतो, आणि तोवर तो शेतकरी आत असतो.

१८९२चं रजिस्टर आणि आजचा पंचनामा, दोन्हीकडे लिहिणारा तोच आहे हो. कमिशनने निदान ते रजिस्टर उघडून बघितलं. आजच्या चर्चांमध्ये कॅनडा येतो, कोलोरॅडो येतो, शंकराचा प्रसादही येतो; पंचनामा काही येत नाही. कायदा पुढेमागे बदलेल, न बदलेल. शेंडे वेगळे काढून तोलायला मात्र कायदा बदलण्याची वाट बघावी लागत नाही.

एक गोष्ट राहिली. तीन भारतीय सदस्यांपैकी दोघांनी, राजा शशिशेखरेश्वर रॉय आणि लाला निहालचंद यांनी, बहुमताशी असहमती स्वतंत्रपणे नोंदवली होती. या भिन्नमतपत्रिका त्याच अहवालाचा भाग आहेत, आणि दोन्ही बाजूंना त्यांचा पत्ता नाही. पुढच्या वेळी आपण त्याच वाचायला घेऊ. आता तुमचे प्रश्न.