रोखून धरलेला शेवट

कथेचा शेवट कसा करावा, हा कथा सांगणाऱ्याचा अधिकार होय. परंतु तयार असलेला शेवट श्रोत्यांपासून दूर ठेवण्याचा अधिकार कोणास आहे काय? आणि सांगणाऱ्याने नव्हे, तर ज्याच्या मंडपात कथा चालली आहे त्या धन्यानेच शेवट रोखला, तर श्रोत्यांनी काय म्हणावे? वरवर पाहता हा प्रश्न केवळ करमणुकीचा दिसतो. 1999 साली अमेरिकेतील दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांपुढे तो ज्या स्वरूपात उभा राहिला, त्या स्वरूपात मात्र तो शोक, भय, सदभिरुची आणि न्याय या सर्वांस स्पर्श करणारा होता. म्हणून त्या प्रकरणाचा येथे विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

मालिकेचे नाव 'बफी द व्हॅम्पायर स्लेअर'. जॉस व्हीडन यांची ही निर्मिती 10 मार्च 1997 रोजी डब्ल्यू. बी. या वाहिनीवर सुरू झाली आणि पुढे वाहिनी बदलून मे 2003 पर्यंत चालली. ज्या वाचकांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी एवढे सांगणे पुरे, की कॅलिफोर्नियातील सनीडेल या कल्पित गावची शाळा नेमकी नरकाच्या मुखावर बांधलेली आहे. त्या मुखाच्या ओढीने रक्तपिपासू पिशाच्चे आणि दैत्य गावात गोळा होतात. आणि बफी समर्स ही शाळकरी मुलगी, जिच्याकडे तेवढे बळ दैवाने आले आहे, त्यांचा निःपात करते. शाळेचा ग्रंथपाल जाइल्स हा तिचा मार्गदर्शक, विलो आणि झँडर हे तिचे सवंगडी. दर आठवड्यास एखादे गूढ उकलावयाचे आणि त्या गूढाच्या पोटात तरुण वयातले एखादे खरे दुःख, मग ते एकटेपण असो, मत्सर असो की पहिल्या प्रेमाचा भंग असो, दडलेले असावयाचे, ही या मालिकेची रीत होती. राक्षस हे निमित्त. विषय होता वाढत्या वयाचा.

तिसऱ्या पर्वात शत्रू होता गावचा नगराध्यक्ष रिचर्ड विल्किन्स. हॅरी ग्रोनर या नटाने तो असा रंगविला, की त्याच्यासारखा सभ्य खलपुरुष क्वचितच पाहावयास मिळावा. त्याला अस्वच्छतेचे भय आणि शिवराळ बोलण्याचा तिटकारा. या गृहस्थाने आसुरी शक्तींशी करार करून शंभर दिवसांचे अवध्यत्व मिळविलेले असते, आणि त्या मुदतीअखेर, शाळेच्या दीक्षान्त समारंभाच्याच दिवशी, तो प्रचंड सर्परूप दैत्य होऊन साऱ्या विद्यार्थ्यांना गिळणार असतो. यात एकच फट राहते. मानवरूपात तो अवध्य आहे. पूर्ण दैत्य झाला की त्याला मरण आहे. हिरण्यकशिपूचे आख्यान ऐकत वाढलेल्या आमच्या वाचकांना ही योजना मुळीच परकी वाटणार नाही. वर मागणारा मरणाच्या सर्व वाटा बुजवितो आणि एक उंबरठा तेवढा उघडा राहून जातो.

या पर्वाचा शेवट 'ग्रॅज्युएशन डे' या नावाने दोन भागांत योजिला होता. पहिला भाग 18 मे 1999 रोजी दाखविला गेला. दुसरा 25 मे रोजी यावयाचा होता. परंतु मध्यंतरी, 20 एप्रिल रोजी, कोलोरॅडो राज्यातील लिटल्टनजवळच्या कोलंबाइन शाळेत दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार करून त्या दिवशी 12 विद्यार्थी आणि 1 शिक्षक यांचे प्राण घेतले होते. सारे राष्ट्र सुन्न झाले. मालिकेच्या शेवटच्या भागात विद्यार्थी अंगरख्याखाली शस्त्रे लपवून समारंभास येतात आणि अखेरीस शाळाच स्फोटाने उडविली जाते. देशभर दीक्षान्त समारंभ चालू असताना हे दृश्य दाखविणे अनुचित, असे वाहिनीने ठरविले आणि ऐन वेळी तो भाग मागे घेतला. अखेर तो 13 जुलै रोजी दाखविला गेला. दोन भागांत 56 दिवसांचे अंतर पडले.

प्रेक्षकांचा रोष मोठा होता. कॅनडात काही ठिकाणी तो भाग आधीच दाखविला गेला होता. त्याच्या ध्वनिचित्रफिती सीमा ओलांडून हातोहात फिरू लागल्या, आणि खुद्द व्हीडन यांनी अशा प्रती पसरविण्यास उघड उत्तेजन दिले. कायद्याचे विद्यार्थी या नात्याने आम्ही अशा वाटपाचे समर्थन करणार नाही; कर्त्याची खुशी आणि हक्कधारकाची संमती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परंतु सामान्य, सभ्य माणसे कायद्याची कड ओलांडून एखाद्या कथेचा शेवट मिळवू पाहतात, तेव्हा ती केवळ करमणुकीला हपापलेली आहेत असे म्हणून प्रश्न मिटत नाही. त्यांच्या रोषात काही न्याय होता काय, हे पाहिले पाहिजे.

प्रथम वाहिनीची बाजू. ती पोकळ नव्हती. याच पर्वातील 'इअरशॉट' हा भाग 27 एप्रिल रोजी, म्हणजे त्या हत्याकांडानंतर अवघ्या सातव्या दिवशी, यावयाचा होता. त्यात शाळेतील कोणीतरी सर्वांना ठार मारणार असल्याचा सुगावा बफीला लागतो, आणि अमेरिकेच्या शाळांतील गोळीबारांविषयी पात्रांच्या तोंडी उपरोधाचे बोलणे आहे. तो भाग त्या आठवड्यात मागे घेतला, हे योग्यच झाले. ज्या घरात सुतक आहे त्या घरापुढून वाजतगाजत जाऊ नये, हा विवेक कोणत्या कायद्याने शिकवावा लागत नाही. वाहिनी खाजगी होती. सरकारने बंदी घातली नव्हती. आपल्या घरात काय दाखवावे हे ठरविण्याचा तिला पूर्ण हक्क होता. म्हणून हक्काचा वाद येथे नाही. वाद आहे तो हक्क वापरताना कथा नीट वाचली गेली की नाही, याचा.

आमच्या मते ती वाचली गेली नाही. याला तीन पुरावे आम्ही देतो.

पहिला पुरावा पहिल्या भागाच्या अखेरीचा. बफीचा प्रियकर एंजल विषबाधेने मरणोन्मुख आहे आणि त्यावर उतारा म्हणजे बफीसारख्याच दुसऱ्या संहारिकेचे रक्त. अशी दुसरी मुलगी, फेथ, नगराध्यक्षाच्या पक्षाला मिळालेली आहे. नायिका तिला मारण्याच्या निश्चयाने जाते, तिच्याच सुऱ्याने तिला भोसकते, आणि जखमी फेथ गच्चीवरून खाली उडी टाकते. येथे पडदा पडला. दुसऱ्या भागात बफी स्वतःचे रक्त एंजलला पाजून, स्वतः मृत्यूच्या दाराशी जाऊन, त्या कृत्याची भरपाई करते. म्हणजे हिंसेच्या प्रसाराला आळा घालण्यासाठी जो उपाय केला, त्यामुळे तरुण प्रेक्षकांपुढे 56 दिवस जे चित्र राहिले ते हाती सुरा घेतलेल्या नायिकेचे. प्रायश्चित्ताचे चित्र मात्र कपाटात बंद राहिले.

दुसरा पुरावा जॉनथन नावाच्या एका किरकोळ पात्राचा. 'इअरशॉट'मध्ये हा एकाकी, सर्वांनी उपेक्षिलेला मुलगा बंदूक घेऊन शाळेच्या मनोऱ्यात बसलेला आढळतो. सर्वांना वाटते, मारेकरी तो हाच. प्रत्यक्षात तो स्वतःचाच जीव देण्यास निघालेला असतो. बफी त्याच्याशी बोलते. प्रत्येक जण आपापल्या दुःखात इतका बुडालेला आहे की दुसऱ्याचे दुःख त्याला ऐकूच येत नाही, अशा आशयाचे समजावते. आणि तो बंदूक तिच्या हाती देतो. पुढे 11 मे रोजी दाखविलेल्या 'द प्रॉम' या भागात हाच मुलगा सर्व वर्गाच्या वतीने बफीला एक लहानशी छत्री भेट देतो: आमचे रक्षण तू केलेस म्हणून. या क्रमातच सारा अर्थ आहे. अमेरिकेतील प्रेक्षकांनी मात्र छत्री मे महिन्यात पाहिली आणि बंदूक 21 सप्टेंबरला. उपकार फेडलेला आधी दिसला, उपकार झालेला नंतर. कोलंबाइननंतर काळे कपडे घालणारी, गप्प राहणारी, एकटी फिरणारी मुले जागोजाग संशयास पात्र होऊ लागली असताना, अशा मुलाशी कसे बोलावे हे सांगणारी एक कथा हाताशी होती. ती एप्रिलमध्ये नको होती हे आम्ही मान्य करतो. पण मे महिन्याच्या अखेरीस, शेवटाच्या आधी, ती दाखविता आली असती.

तिसरा आणि मुख्य पुरावा खुद्द शेवटाचा. तीन वर्षे एकटी लढलेली बफी या भागात प्रथमच सर्व वर्गाला विश्वासात घेते. नगराध्यक्षाचे भाषण चालू असता सूर्य झाकोळतो, त्याचे रूपांतर होते, आणि खुर्च्यांवर बसलेली ती साधी मुले अंगरखे फेकून एकत्र उभी राहतात. त्यांच्यातील काही मरतात. कोलंबाइनमध्ये दोघांनी सर्वांविरुद्ध शस्त्र उचलले. येथे सर्व जण एकमेकांसाठी उभे राहतात. दोन्हीकडे शाळा आहे आणि शस्त्रे आहेत, एवढ्यावरून दोन्ही गोष्टी सारख्याच मानणे म्हणजे असुरवधाचे आख्यान आणि वाटमारीची बातमी यांना एकाच मापाने मोजणे होय.

येथे आम्हांस आपल्याकडील एका खटल्याची आठवण होते. फाळणीच्या दंगलींवरील 'तमस' ही गोविंद निहलानी यांची मालिका दूरदर्शनवर चालू असता, तिने द्वेष भडकेल म्हणून ती थांबवावी अशी मागणी न्यायालयात आली. 1988 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी ती मालिका स्वतः पाहिली आणि बंदीस नकार दिला. सर्वोच्च न्यायालयानेही तोच निर्णय दिला. कसोटी लाविली ती नागपूरचे न्या. विव्हियन बोस यांनी पूर्वी सांगितलेली: कृतीचा परिणाम मोजावा तो समंजस, खंबीर मनाच्या माणसावरून, प्रत्येक गोष्टीत धोका पाहणाऱ्या दुबळ्या मनावरून नव्हे. आणि कृती पाहावी ती समग्र. डब्ल्यू. बी. वाहिनी या कसोटीने बांधलेली नव्हती, हे खरे. पण कसोटी शहाणपणाची आहे आणि शहाणपणाला सीमा नसतात. अर्धी कृती दाखवून उरलेली अर्धी झाकणे हा तर समग्रतेचा सरळ भंग होय.

मग शोकाच्या काळी करावे तरी काय? याचे बरे उत्तर पुढे मिळाले. 24 मे 2022 रोजी टेक्सासमधील युवाल्डी येथे प्राथमिक शाळेत 19 मुले आणि 2 शिक्षिका मारल्या गेल्या. तीनच दिवसांनी 'स्ट्रेंजर थिंग्ज' या, मुलांच्याच भोवती फिरणाऱ्या, अद्भुत गूढमालिकेचे चौथे पर्व यावयाचे होते आणि त्याच्या आरंभीच मुलांच्या हत्येचे दृश्य होते. नेटफ्लिक्सने पर्व रोखले नाही. अमेरिकेतील प्रेक्षकांसाठी आरंभी स्पष्ट सूचना घातली. ज्याला सोसणार नाही त्याने थांबावे, ज्याला पाहावयाचे त्याने पाहावे. यात शोकाचाही मान राहिला आणि प्रेक्षकाच्या विवेकाचाही.

त्या शेवटाला निर्दोष म्हणण्याचा आमचा आग्रह नाही. सर्परूप दैत्य तेव्हाच्या साधनांना पेललेला नाही. त्याच्याकडे पाहून भय वाटण्याऐवजी ग्रोनर यांचा हसरा चेहरा पुन्हा दिसावा असे वाटते. फेथच्या रक्ताचा प्रश्न बफीच्या आजारपणात आणि एका स्वप्नात काहीसा घाईने मिटविला आहे. परंतु एक योजना फार खोल आहे. नगराध्यक्षाला फेथविषयी बापाची माया आहे. त्या दुष्टाच्या अंगी असलेला हा एकच सद्गुण. बफी फेथचा सुरा दाखवून त्याला डिवचते आणि स्फोटके भरलेल्या ग्रंथालयात ओढून नेते. त्याला मरण येते ते त्याच्या मायेच्या वाटेने. हा विचार प्रेक्षकाला सुखासुखी घरी जाऊ देत नाही, आणि तो जाऊ देऊही नये.

कीर्तनात पूर्वरंग कितीही रंगला, तरी आख्यान अर्ध्यावर टाकून बुवा आरतीस उभे राहिले, तर सभामंडपातील पोरासोरांनाही काही चुकल्यासारखे वाटेल. त्यांना गोष्ट ठाऊक नसते असे नाही. पण ऐकलेले भय कोठेतरी उतरवून ठेवण्यासाठी शेवट लागतो. 'ग्रॅज्युएशन डे'च्या अखेरीस जळक्या शाळेसमोर ती मुले थकून बसतात आणि आपण जिवंत राहिलो, एवढेच एकमेकांना सांगतात. त्या वर्षी अमेरिकेतील मुलांना हे दृश्य कधी नव्हे इतके हवे होते. त्यांच्या वडीलधाऱ्यांनी ते त्यांच्याच रक्षणासाठी झाकून ठेविले. प्रेक्षकांच्या रोषाचे मूळ येथे होते, आणि तो रोष न्याय्य होता असेच आम्ही म्हणतो.